एक्सलवरची हळद

जीपच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी जी लोखंडी नळी असते, म्हणजे एक्सल, तिच्या मधोमध एक फुगीर डबा असतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्याकडचे ड्रायव्हर क्राऊन म्हणतात, आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या नावावरून. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन चाकांत वाटली जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. तो हिशेब हा डबा सांभाळतो. दाते झिजू नयेत म्हणून त्यात जाड ऑइल भरलेलं असतं. मागून ताटलीएवढं झाकण असतं, कडेने दहा बोल्टांनी आवळलेलं. आमच्या जीपचं झाकण मला कळायला लागल्यापासून गळत होतं.

यंदा नवरात्रात मी ते उघडलं.

जीप घराशेजारी पत्र्याच्या शेडखाली उभी असते. घर तीर्थपुरीच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बरीच वर्षं ती तीर्थपुरी ते अंबड अशी प्रवासी गाडी म्हणून चालवली. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने, विष्णूने, काही काळ चालवली, मग शेताच्या कामाला लावली, मग थांबवली. थांबवण्याचं कारण शेडच्या कोब्यावर दिसत होतं. परातीएवढा काळा डाग, आणि त्याच्यावर ताजा, चकाकणारा नवा.

पोळा झाल्यावर विष्णूचा फोन आला.

"अक्का, जीप भंगारात देऊन राह्यलो. जालन्याचा गडी पाहून गेला."

"माय काय म्हणते?"

"माय कुठं काय म्हणती. मागच्या बाकावर बसून शेंगा निवडून राह्यली."

जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. जिल्ह्यातले मोडके नांगर, गंजके पत्रे, गाड्यांचे सांगाडे तिकडे जातात. वर्तमानपत्रात होते तेव्हा बातमीसाठी मी एका भट्टीत उभी राहिले होते. लोखंड तिथं पाण्यासारखं ओततात. ओतताना आधी ते काय होतं हे ओळखू येत नाही.

"गळती थांबली तर?" मी विचारलं.

"तीनदा थांबवली. तीन मेकॅनिक झाले. झाकण नवं, पॅकिंग नवं, ऑइल नवं. आठ दिवसांत परत तेच. त्यात क्राऊन कोरडा पडून हूं करून राह्यलाय. वाटेत जाम झाला तर माणसं मरतील, अक्का."

त्याचं चूक नव्हतं. मी म्हटलं, मी येते, मी करते. तो हसला.

"पेपरातल्या चुका काढण्यासारखं हाय का ते?"

"दसऱ्यापर्यंत थांब."

तो म्हणाला, "बरं. खंडेनवमीच्या सकाळी गाडीखाली रात्री पसरलेला पेपर कोरडा दिसला तर जीप ऱ्हाईल. एक थेंब जरी दिसला तर दसरा झाला की ट्रक येईल. मंग मला बोलायचं न्हाई."

अट स्पष्ट होती. फोन मायच्या हातात गेला. ती म्हणाली, "ये तू. पण येऊन डोळे गाळायचे असतील तर येऊ नको."

शहरातल्या एका गॅरेजात मी दोन दुपारी उभी राहून हे काम पाहिलं, प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. षष्ठीला घरी पोचले.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पुजतात आणि मग दसरा होईपर्यंत त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. विळे, कुऱ्हाडी, मेंढरांची लोकर कातरायची कात्री, आणि आबांच्या काळापासून जीपचे पान्हे. म्हणजे पान्हा माझ्या हातात अष्टमीपर्यंतच राहणार होता.

काम सुरू करण्याआधी जीप शेताच्या कडेने थोडी फिरवली. ऑइल कोमट झालं की पातळ होतं, नीट निथळतं. क्राऊनचा आवाज येत होता. हा आवाज मला ओळखीचा होता, पण इतका मोठा कधी नव्हता. लहानपणी तो एक बारीक, लांबट हुंकार होता. जीप ठरावीक वेगाला पोचली की सुरू व्हायचा आणि वेग वाढला की विरून जायचा. आम्ही मुलं ओठ मिटून तसाच आवाज काढायचो. संध्याकाळी चुलीपुढे बसलेली माय मध्येच हात थांबवायची आणि म्हणायची, "आले, पुलावर हायत." आम्हाला काही ऐकू आलेलं नसायचं. ती तवा चुलीवर ठेवायची. भाकरी टम्म फुगेस्तोवर जीप दारात असायची.

त्या जीपमध्ये कायम तीन वास असायचे. बाकाच्या रेक्झिनचा, आबांच्या सीटवर घातलेल्या घोंगडीचा, आणि त्या दिवशी जो हंगाम असेल त्याचा. मोसंबीचा बहर फुटला की अंबडच्या बाजूचा सगळा रस्ता गोड व्हायचा आणि तो वास ताडपत्रीत अडकून आमच्या अंगणापर्यंत यायचा. वेचणीच्या दिवसांत बायका कापसाची बोचकी मांडीवर घेऊन बसायच्या आणि उतरल्यावर बाकांवर पांढरे धागे राहायचे. बाजारच्या दिवशी कोथिंबीर, सुकी मासळी, रॉकेल. कधी एखादा मेंढपाळ आजचं जन्मलेलं कोकरू कुशीत धरून पुढे आबांशेजारी बसायचा, त्याचं भाडं आबा घेत नसत. अंतरवाली सराटीच्या बाजूचं भाडं मिळालं की तिथल्या चौकात चहा ठरलेला. टपरीवाल्याच्या स्टोव्हचा सूं असा आवाज आणि उभ्या जीपच्या लोखंडाची टिकटिक एकाच वेळी ऐकू यायची. टपरीवर आता गॅस आहे.

जीप शेडखाली आणली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅकने उचलली, एक्सलखाली दोन्हीकडे बाभळीचे ठोकळे सरकवले. गॅरेजात पहिला नियम सांगितला होता: ऑइल काढण्याआधी, भरण्याचं बूच उघडतं का ते पाहा. आधी झाकण काढलं आणि मग बूच उघडलंच नाही, तर नवं ऑइल भरणार कुठून.

बूच उघडलं नाही.

डिझेल ओतून ठेवलं. हातोडीने कडेकडेने ठोकलं. पान्ह्याच्या दांड्याला पाइप अडकवून जोर लावला. दुपार तशीच गेली. नाना शेळ्या घेऊन परत आले तेव्हा मी पाइपावर पाय देऊन उभी होते. नाना आबांचे चुलतभाऊ, शेजारी राहतात. घराण्यात जनावरं न सोडलेले ते एकटेच.

"काय गं, क्राऊन खोलून राह्यली का व्यायाम करून राह्यली?"

"बूच निघत नाही, नाना."

"निघंल कसं. ज्याची गाडी त्यालाच निघायचं." त्यांनी शेडच्या खांबाला पाठ टेकवली. "आमच्या घराण्यात चाक कधी व्हतं? मेंढरं अन् सामान वाहायला एक तट्टू. तुहा बापच पहिला, चार चाकं घेऊन आला. तुहा आजा लै दिवस गाडीत बसला न्हाई. म्हणायचा, जे खात न्हाई ते मेलं कधी ते कळत न्हाई."

"हे खातं, नाना. ऑइल खातं."

"मंग खाऊ घाल की. भंगारात कामून घालता?"

मायचा आवाज जीपमधून आला. जॅकवर उचललेल्या गाडीत बसू नको असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. "नाना, चहा घेता का जाता? तिला काम करू द्या."

मी तिला उतरवलं आणि पाइप परत लावला. बूच निघालं ते ऊन उतरल्यावर. आधी एक बारीक किंचाळी, मग पाव फेरा, मग सगळं. आत बोट घातलं. बोटाला ऑइल लागायला हवं होतं. बोट कोरडंच आलं, फक्त टोकाला काळं.

मग झाकण. खालचे बोल्ट आधी, वरचे दोन अर्धवट ठेवायचे, म्हणजे झाकण एकदम अंगावर येत नाही. खालून पातळ पट्टीने उचकटलं आणि उरलंसुरलं ऑइल परातीत पडलं. काळं, जड, आणि कडेला लोखंडाच्या बारीक चमकीची रेघ.

जुन्या गिअर ऑइलला गंधकाचा वास येतो; फुटलेले फटाके आणि नासका कांदा एकत्र करावे तसा. आबांच्या अंगाला दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत हा वास असायचा. माय त्यांचा तो सदरा वेगळ्या खुंटीला अडकवायची. ते गेल्यावर खुंटी तिथंच राहिली आणि त्या भिंतीवर पाठीएवढा एक तेलकट ठसा. घराला रंग दिला तेव्हाही तो ठसा वर आला.

आबा जीपखाली काम करत तेव्हा कुणाला जवळ येऊ देत नसत. घोंगडी पसरायची, तिच्यावर पाठ टेकून आत सरकायचं. आम्हाला दिसायचे ते फक्त पाय. टाचांना भेगा, अंगठे वर. काम नीट चाललं की अंगठे हलायचे, अडलं की थांबायचे. रोज रात्री ते क्राऊनखाली जुना पेपर पसरायचे आणि सकाळी बाहेर ओढून बघायचे. रुपयाएवढा डाग असला तर बरं. मोठा असला तर बूच उघडून थोडं ऑइल टाकायचं. मग त्याच पेपरची घडी घालून ओट्यावर बसून वाचायचे. कधी एखाद्या मंत्र्याच्या कपाळावर, कधी पावसाच्या अंदाजावर तो पिवळट गोल पडलेला असायचा आणि कागद तिथं आरपार दिसायचा. पुढे मी ज्या कागदासाठी काम केलं त्याचा पहिला उपयोग मला असा माहीत झाला.

सप्तमीचा दिवस खरवडण्यात गेला. झाकण आणि डबा यांच्या कडा एकमेकींना टेकतात तिथं जुन्याचा कणही राहू द्यायचा नसतो, आणि लोखंडावर ओरखडाही उठू द्यायचा नसतो. पातं आडवं धरून हळू ओढायचं. तीन मेकॅनिकांचे तीन रंग निघाले. वर करडा, त्याखाली लाल, त्याखाली काळा. प्रत्येकाने आधीच्याच्या अंगावर नवा थर चढवलेला. सगळ्यांत खाली, एका बोल्टाच्या भोकाशी, जाड कागदाचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. तेलाने काळा पडलेला, पण एका कडेला सोनेरी कण.

ते आबांचं पॅकिंग होतं, झाकण आणि डबा यांच्यामध्ये घालायचं कडं. विकतचं पॅकिंग त्यांनी कधी आणलं नाही. लग्नसराई संपली की माय जाड लग्नपत्रिका बाजूला ठेवायची. आबा पत्रिका झाकणावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने टकटक करत जायचे. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जायचा, भोकंसुद्धा. अंगणात ती टकटक सुरू झाली की कोंबड्या पांगायच्या. झाकणाच्या आकाराचं कडं उरायचं, त्यावर अर्धा गणपती, वराच्या मामाचं नाव, भोजनाची वेळ. तेलात बुडवून ते बसवायचं. एका वर्षी जास्त गळलं तेव्हा ओट्यावरून म्हणाले, "पाटलाच्या पोरीचं लग्न टिकलं, पत्रिका काही टिकली न्हाई." माय आतून म्हणाली, "पुढच्या साली गरिबाची लावा. टिकंल."

मी सोनेरी तुकडा खरवडून काढला. ठेवण्यासारखा नव्हता, त्याचा चुराच झाला.

पेट्रोलच्या फडक्याने दोन्ही कडा पुसल्या, पुन्हा पुसल्या, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग सिलिकॉनची ट्यूब. करंगळीपेक्षा बारीक, अखंड रेघ, प्रत्येक भोकाला आतल्या बाजूने वळसा घालून, जिथून सुरू केली तिथंच मिळवलेली. रेघ तुटली तिथं पुसून सगळी पुन्हा ओढली. विष्णू शेतातून आला आणि बुटांसकट उकिडवा बसून बघत राहिला.

"मेकॅनिकनी पण आशीच लावली व्हती," तो म्हणाला.

"खालचं खरवडलं नव्हतं."

"त्यानं फरक पडंल?"

"पडायला पाहिजे."

"पाहिजे," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

साय धरल्यासारखी रेघ सुकली, मग झाकण चढवलं. बोल्ट आधी नुसते बोटांनी, मग समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे. एका बाजूने आवळत गेलं तर दुसरी बाजू उचलते. रात्रभर तसंच सोडलं. पण विष्णूचा प्रश्न बरोबर होता. तिघांपैकी एकाचं तरी काम वर्षभर टिकायला हवं होतं. आठ दिवसांत तिघेही हरले, तर चूक झाकणात नसणार, असं बातमी तपासणाऱ्या कुणालाही वाटलं असतं.

अष्टमीला सकाळी ऑइल भरण्याआधी मी एक्सल पुसायला घेतला. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, वरून, जिथं नजर जात नाही तिथं हात घालून. डब्याच्या एका बाजूला नळीवर माझ्या हाताला एक उंचवटा लागला. आरसा धरून पाहिला. शेंदरी पिवळा गोळा, लिंबाएवढा, दगडासारखा टणक.

ती मायची हळद होती.

माय भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईची. तिच्या माहेरी बैलगाडी होती. खंडेनवमीला गाडी धुऊन तिच्या आखाला, म्हणजे दोन चाकांमधल्या कण्याला, तेल-हळद लावायचा मान घरातल्या बाईचा. सगळा भार आख सोसतो, म्हणून पहिली हळद त्याला. लग्न होऊन ती मेंढपाळांच्या घरात आली तिथं आख नव्हताच. जीप आली तेव्हा तिने पहिल्याच दसऱ्याला विचारलं, हिचा आख कुठं हाय. आबांनी वाकून दाखवला. एक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी आहे, अंगठ्याच्या पेराएवढी, देवळाच्या कळसासारखी. तिने तीच जागा धरली. दरवर्षी ताट घेऊन यायची, चाकाशेजारी बसायची, हात आत घालायची. तिळाच्या तेलात कालवलेली हळद, वर शेंदूर, वर कुंकू, वर झेंडूची पाकळी. मग ओले हात पदराला न पुसता नारळ मागायची. फुटलेल्या नारळाचं पाणी टायरवर. पूजा झाली की आम्ही खोबऱ्यासाठी पळायचो आणि आबा घोंगडी घेऊन एकटेच गाडीखाली शिरायचे. पाय तेवढे दिसायचे. आतून करकर, करकर असा आवाज यायचा. काय करतात ते आम्ही कधी विचारलं नाही. खोबरं संपायच्या आत ते बाहेर आलेले असायचे.

ती टोपी म्हणजे डब्याचं नाक आहे. गाडी पळते तेव्हा आतलं ऑइल तापतं, हवा फुगते आणि टोपीखालच्या भोकातून बाहेर पडते. भोक बुजलं तर फुगलेली हवा वाट शोधते, आणि जाताना ऑइल घेऊन जाते. मग झाकण कितीही नीट बसवा.

तीन मेकॅनिकांनी झाकण पाहिलं होतं. हा गोळाही त्यांना दिसला असणार. शेंदूर दिसला की आपल्याकडे कुणी त्यावर पातं लावत नाही. एखाद्याने हात जोडून मान वळवली असेल.

मी आरसा फिरवला तेव्हा आणखी एक वस्तू दिसली. टोपीपासून वीतभर अंतरावर, नळीच्या मागच्या अंगाला, सुतळीने बांधलेली सायकलच्या चाकातली एक तार. एक टोक धरण्यासाठी वळवलेलं, दुसरं घासून सुईसारखं. सुतळी तेलाने काळी झालेली. गाठ आबांची होती. मेंढरांच्या वाघरीला, रात्री भोवती लावायच्या जाळीला, मारतात ती.

मग काम केलं. गोळा कोमट पाण्याने भिजवला, थर थर काढला, ताटलीत ठेवला. भोकात तार घातली. ती कशी फिरवायची हे शिकावं लागलं नाही, हात आपोआप फिरला. करकर आवाज झाला. पिवळी पूड पडत राहिली आणि मग एकाएकी तार आरपार गेली.

विष्णूला सांगितलं नाही. पक्की झाल्याशिवाय बातमी द्यायची नाही ही सवय आहे. तार होती तिथं परत बांधली, त्याच गाठीने. ताटलीतली हळद तुळशीच्या मुळाशी टाकली.

नव्वद नंबरचं नवं ऑइल मधासारखं असतं. बाटलीला नळी लावून बुचाच्या भोकातून भरत राहायचं. डबा भरला की ते त्याच भोकातून बारीक धार धरून बाहेर येतं. धार आली. बूच लावलं. दुपारी विष्णूच्या हातात चावी दिली.

"कुठं जायचं?"

"अंतरवाली सराटी. चहा घेऊन परत."

माय आधीच मागच्या बाकावर बसलेली होती. रस्त्याने दोन्हीकडे कापूस फुटायला लागला होता, सोयाबीनच्या गंजी झाकून ठेवल्या होत्या. क्राऊनचा हुंकार होता; दाते झिजले ते परत येणार नव्हते. पण तो बारीक झाला होता. विष्णूने एकदा कान दिला, वेग वाढवला, आवाज विरला. चौकात जीप थांबल्यावर लोखंडाची टिकटिक ऐकू आली. माय गाडीतच चहा प्यायली.

"तुहे आबा हितं दोन कप घ्यायचे," ती म्हणाली. "एक बशीतून, एक कपातून."

परतल्यावर विष्णूने स्वतः पेपर आणला, उघडून दोन्ही पानं तपासली, कोब्याच्या डागावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले.

खंडेनवमीला सकाळी तो माझ्याआधी उठला होता. मी बाहेर आले तेव्हा पेपर त्याच्या हातात होता. त्याने तो उन्हाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. एका कोपऱ्यावर मांजराच्या पायाचा मातकट ठसा होता. बाकी छपाई होती.

त्याने खिशातून फोन काढला आणि शेडच्या मागे गेला. बोलणं ऐकू आलं ते एवढंच: "न्हाई, द्यायची न्हाई आता... न्हाई, पैशाचं काही न्हाई... घरची हाय."

परत येऊन त्याने पेपरची घडी घातली आणि ओट्यावर ठेवली.

पूजेची वेळ झाली. पान्हे, विळे, कात्री पोत्यावर मांडले, त्यांना गंध लावलं. मायचे गुडघे आता वाकत नाहीत. ती चाकाशेजारी पाटावर बसली आणि ताट माझ्या हातात दिलं.

"हात घाल आत. अजून वर. टोपी लागली का?"

"लागली."

"काल पुसली वाटतं. गुळगुळीत झाली. बरं केलं. लाव."

टोपीचं काम मला माहीत होतं. मी तेल-हळद लावली. शेंदूर, कुंकू, पाकळी. मी बाहेर आले, विष्णूने नारळ फोडला. पाणी टायरवर पडलं. मी ताट उचलायला वाकले, तर माय म्हणाली, "थांब. तार ऱ्हायली."

"कुठली तार?" विष्णूने विचारलं.

"आत बांधलेली हाय ती. पूजा झाली की ती टोपीत फिरवायची. तुहे आबा फिरवल्याबिगर उठत न्हवते."

"माय, आज हत्यार हातात धरू नये म्हणून तूच सांगती."

"ते हत्यार हाय का? पूजेचं हाय. हळद बाईनं लावायची, तार गड्यानं फिरवायची. त्यांच्या घरची रीत व्हती ती. मला पहिल्याच दसऱ्याला सांगितली त्यांनी." तिने विष्णूकडे पाहिलं. "तुला सांगितली न्हाई का? मला वाटलं तू करून राह्यला."

आबांच्या घरी मेंढरं होती आणि एक तट्टू. तार फिरवायला तिथं आख कुठला. विष्णू माझ्याकडे बघत होता.

"टोपीच्या खाली भोक आहे," मी त्याला म्हटलं. "तार तिथं फिरव. नीट, आरपार."

"भोक?" तो म्हणाला. त्याने ओट्यावरच्या पेपरकडे पाहिलं, मग कोब्यावरच्या जुन्या डागाकडे. मायकडे पाहिलं. माय खोबऱ्याचे तुकडे करत होती.

"फिरव म्हणलं ना," ती म्हणाली. "पूजा अर्धी ऱ्हाती."

त्याने आतून घोंगडी आणली, पसरली आणि पाठीवर सरकत आत गेला. गाठ सोडवत असावा. मग करकर सुरू झालं.

मला फक्त त्याचे पाय दिसत होते. अंगठे हलत होते.